पिलबाग

दुसरा भाग आला तेव्हा मुबारक तडवी चौथीत होता.
खुर्चीवर दोन उशा रचून बसायचा,
बोटं मागच्या बटणापर्यंत पोचायची नाहीत
म्हणून गाडी तो चालवायचा आणि बंदूक मी.
आता नववीत आहे. ओठावर कोळशाची रेघ.
कंट्रोलर त्याच्या पंजात साबणाच्या वडीएवढा.
तिसरा भाग अजून आलेला नाही.

सावद्याला स्टेशन रोडवर माझं दुकान,
दोन टीव्ही, दोन मशीन, एक कूलर, तासाला चाळीस.
शेजारी केळी पिकवायचं चेंबर.
तिथली मोटार सुरू झाली की
आमचं अख्खं शहर पडद्यावर एकदा थरथरतं,
पूल, समुद्र, पोलीस, सगळं.

पहिल्या महिन्यात चपला रस्त्यापर्यंत गेल्या होत्या.
वहीत नंबर लावायचो. फैजपूरहून दोघे सायकलवर यायचे.
मग एकेकाचं मिशन संपलं,
शेवटची नावं वर सरकत गेली,
आणि ती पोरंही तशीच वर सरकली,
कोणी जळगावला, कोणी सुरतला,
कोणी नुसतंच मोबाईलमध्ये.

दोन भागांमधल्या काळाला नाव नाही.
आमच्याकडे तर कशालाही असतं.
मृगबाग, कांदेबाग, नवती,
आणि झाड कापल्यावर बुंध्याला फुटलेलं पिल वाढवून
जे दुसऱ्यांदा घेतात, ती पिलबाग.
कंपनीनंही मधे एक पिलबाग काढली:
तोच पहिला भाग, रंग उजळ,
डबक्यात ढग दिसतात म्हणे.
साडेतीन हजार.
यज्ञेश बोंडे म्हणाला, "घड तोच, भाव नवतीचा,"
आणि पहिला तोच बसला खेळायला.

तारीख आली होती एकदा. 'फॉल.'
मग पुढे गेली. 'स्प्रिंग.'
"भो, स्प्रिंग म्हंजे आपला कोनता मह्यना?"
मी म्हटलं, घडावर वाळली पानं पांघरतात ना, तो.
तो हिशेब करत राहिला.
तो महिना आला, सेहेचाळीसवर पारा गेला,
कूलरनं नुसती वाफ फेकली,
आणि तिकडचा वसंत तिकडेच राहिला.

तेव्हापासून आम्ही काही खेळत नाही.
नकाशा शंभर टक्के झालाय.
मुबारक गाडी उभी करतो, सिग्नलही पाळतो,
चालत जातो धक्क्यावर.
तिथे एक म्हातारा गळ टाकून बसलाय, पाच वर्षं.
दुसऱ्या भागात तो कुणाच्या कामाचा नाही.
धक्का दिला तर शिवी देतो, बस.

एका रविवारी मुबारक त्याच्याशेजारी उभा राहिला आणि
बटण दाबायचंच विसरला.
मी डबा खात होतो, भरीत, कळण्याची भाकरी.
चाळीस मिनिटं झाली असतील.
म्हातारा उठला.
टोपी झटकली, बादली उचलली, बादलीत काही नव्हतं,
आणि घराकडे निघाला.
आम्ही मागे मागे. मी कालवलेला हात तसाच धरून.
एक गल्ली, जिथं कुठलंच मिशन कधी जात नाही,
एक निळं दार. आत गेला. दिवा लागला.
दार उघडत नाही. सगळी बटणं दाबून पाहिली.
मुबारकनं वाजवून पाहायचं म्हणून
खरोखर टीव्हीच्या काचेवर बोट ठोकलं.

मग लाईट गेली.

पुढच्या आठवड्यात चौदा सेकंदांची झलक आली.
त्यात हेलिकॉप्टर आहे, बर्फ आहे.
यज्ञेशनं बारा वेळा लावली.
मुबारकनं थांबवून थांबवून पाहिली, मग विचारलं,
"तिसऱ्या भागात म्हातारा असंन का?"

पुढल्या वर्षी त्याची दहावी.
माझ्या वहीत त्याच्या नावावर तेवीस तास उधार आहेत,
त्यातले किती नुसते उभं राहण्याचे, मी लिहिलेलं नाही.
म्हटलं, असेल.

शेजारची मोटार सुरू झाली.
म्हातारा थरथरला,
पुन्हा गळ टाकून बसला.